उतरलेला गंधार

"हा आवाज तुमचा नाही."

माझ्याशी बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य. नमस्कार नाही, माफ करा नाही, काही नाही. दारात उभे. एका हातात वडिलांचं बिघडलेलं कानाचं यंत्र, दुसऱ्या हातात मिटलेली छत्री, आणि त्या छत्रीतून निथळणाऱ्या पाण्याचं माझ्या फरशीवर तळं होत चाललेलं.

मी कान तपासते. कानाच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात माझी खोली आहे, आणि त्या खोलीत जाड भिंतींची, काचेची खिडकी असलेली एक केबिन. कपाटाहून मोठी, न्हाणीघराहून लहान. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बाहेरून बारीक बारीक आवाज सोडायचे, आणि आवाज ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. दुपारच्या सुट्टीत पेशंट नसले की ती केबिन माझी. आतलं बाहेर ऐकू जात नाही, म्हणून मी तिथे रियाज करायची. त्या दिवशी दार नीट लागलं नव्हतं.

"माझा नाही, मग कोणाचा आहे?" मी विचारलं. राग तर आला होताच. पण चोरी पकडली गेल्यासारखंही वाटत होतं.

"ते मला काय माहीत? ज्यांचा असेल त्यांना परत देऊन टाका. गळा दुखतो ना तुमचा? इथे, जबड्याखाली?"

दुखायचा. रोज दुखायचा. हे मी घरीसुद्धा कोणाला सांगितलं नव्हतं.

"सुट्टी आहे आता," मी म्हणाले. "यंत्र ठेवून जा. आणि ती छत्री बाहेर."

"छत्री बाहेर ठेवतो. मी मात्र आत बसतो," ते शांतपणे म्हणाले. "यंत्र न घेता घरी गेलो तर आमचे अप्पा घरात घेणार नाहीत."

गाण्याच्या बाबतीत मी बारा गावचं पाणी प्यायलेली बाई. पंधराव्या वर्षी वडील गेले आणि गाणं सुटलं. आत्याने मला वाढवलं, शिकवलं. स्वतःच्या पगारातून शिकवणी लावायची ऐपत आली तेव्हा मी तिशीला टेकले होते. पहिल्या सरांनी मला लहान मुलांच्या वर्गात बसवलं, त्यातला एक मुलगा म्हणाला, "काकू, तुम्ही मागे बसा ना, आम्हाला दिसत नाही." दुसरे सर सगळ्यांना 'वा, वा' करायचे. तबल्यावर हातोडी मारून तो सुरात लावायला आलेल्या माणसालाही त्यांनी 'वा' म्हटल्याचं मी स्वतः ऐकलं आहे. तिशी ओलांडलेल्या बाईने गुरू शोधणं आणि स्थळ शोधणं सारखंच. दोन्हीकडे पहिला प्रश्न वयाचा, आणि दोन्हीकडे शेवटी 'कळवतो' असं सांगतात.

मग मोठ्या बाई भेटल्या. खऱ्या गायिका, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांचा आवाज उंच, बारीक, लखलखीत. पेटीवरची काळी पाच ही त्यांची पट्टी, म्हणजे तिथे त्यांचा 'सा'. त्यांच्याकडे येणारी प्रत्येक जण तिथूनच गायची. मीही गायले, तीन-चार वर्षं. त्यांच्यासारखी हरकत, त्यांच्यासारखा नाकातून जरासा वळवलेला सूर, सगळं. एकदा मी बाहेरच्या खोलीतून कोणाला तरी हाक मारली, तर बाईंचे यजमान आतून 'आलो गं' म्हणाले. आयुष्यात इतका आनंद मला क्वचित झाला असेल. आणि त्याच सुमारास आमच्या डॉक्टरांनी माझ्या घशात नळी घालून बघितलं आणि म्हणाले, "असंच गात राहिलात तर एक दिवस गाता येणार नाही. बोलता येईल. गाता येणार नाही."

म्हणून, यंत्र दुरुस्त करून त्यांच्या हातात देताना, मी मान खाली घालून विचारलं, "मग... माझा आवाज कुठे आहे?"

"या म्हणजे शोधू," ते म्हणाले.

त्यांची खोली एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होती. लोखंडी जिना, वर एक सतरंजी, तानपुरा, पेटी, आणि खिडकीपाशी आरामखुर्चीत अप्पा. सगळे शिष्य त्यांना पाठीमागे 'थांबा सर' म्हणत. कारण मला लवकरच कळलं. पहिल्या दिवशी मात्र त्यांनी मला आधी गायला लावलं नाही.

"बोला," ते म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीही. डब्यात आज काय होतं?"

"काल रात्रीचंच होतं. आत्याचं कपडे शिवायचं काम वाढलंय, तिला वेळ नाही. आणि मला कंटाळा."

मी बोलत होते आणि ते पेटीवर बोट ठेवून माझ्या बोलण्याखाली काहीतरी हुडकत होते. एक पट्टी, मग तिच्या खालची. मग थांबले. "हे बघा. तुम्ही राहता इथे, काळी तीनवर. आणि गायला जाता वरच्या मजल्यावर, दुसऱ्याच्या घरात. गळा दुखणार नाही तर काय? लावा इथला सा."

मी लावला. आधी काही आलंच नाही, नुसती हवा. मग हळूच, छातीतून, एक जाडसर, गडद आवाज आला. मी दचकले. तो आवाज मला ओळखीचा वाटला. पंधराव्या वर्षापर्यंत तो माझाच होता. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. सर खिडकीबाहेर बघत बसले, आणि अप्पा, ज्यांना आपण हळू बोलतो असा कायम गैरसमज होता, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "एवढं काय बोललास रे तिला?"

त्यानंतर सुरू झालं 'थांबा'.

मी सा लावला की, "थांबा." रे वर गेले की, "थांबा." त्यांना कारण सांगावं लागायचं नाही, कारण तो शब्द यायच्या आधी त्यांची डावी भुवई उचलली जायची. ती उचलली की मला माझी चूक आपोआप ऐकू यायची. एकेक संध्याकाळ दोन सुरांत जायची. मी चिडायचे.

"असं थांबत राहिलं तर मी गाणार कधी?"

"घाई आहे का? कुठे जायचंय?"

"छत्तीस संपत आलंय. तुम्हाला काय!"

"मला एक्केचाळीस संपतंय. मी कुठे रडतोय?"

"तुम्ही कशाला रडाल, तुम्ही दुसऱ्यांना रडवता."

"तुम्ही माझ्यामुळे रडत नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "तुम्ही रडताना वाईट दिसत असतात, तर मी पहिल्याच दिवशी 'थांबा' म्हटलं असतं..." आणि मग स्वतःच गोंधळले आणि थर्मासमधलं गरम पाणी माझ्या पेल्यात ओतायला लागले. पेला भरून सतरंजीवर सांडला. मी सतरंजी पुसायला घेतली. ओठ मात्र आवरता आवरत नव्हते.

गळा दुखायचा थांबला. मी त्या केबिनमध्ये दुपारी गायला लागले की मलाच बरं वाटायचं. आणि थंडीत मला खोकला झाला.

दोन आठवडे शिकवणी बंद. त्या दोन आठवड्यांत अप्पांचं यंत्र तीनदा बिघडलं. तिसऱ्या वेळी सर अप्पांनाही घेऊन आले. मी यंत्र उघडलं आणि टेबलावर ठेवलं.

"बॅटरी उलटी बसवली आहे. मागच्या दोन्ही वेळांसारखीच."

"हो का?" सर म्हणाले. "अप्पांचे हात थरथरतात हल्ली."

यंत्र नसतानाही अप्पांना नेमकं हवं ते ऐकू यायचं. "मी नाही बसवली!" ते खुर्चीतून गरजले. "यानेच बसवली! घरी चष्मा लावून बघत बसला होता, नीट उलटी बसली का म्हणून!"

बाहेर ओळीने बसलेले सगळे पेशंट आमच्याकडे बघायला लागले. निम्म्यांना कमी ऐकू येत होतं हे माझं नशीब. सरांचे कान लाल झाले होते. त्यांनी कोटाच्या खिशातून एक पुडी काढून टेबलावर ठेवली. आत खडीसाखर होती. "खोकल्यासाठी," एवढंच म्हणाले आणि अप्पांना घेऊन निघून गेले. ती खडीसाखर मी पुरवून पुरवून खाल्ली, हे कबूल करायला मला लाज नाही.

मी परत जायला लागले तेव्हापासून 'थांबा' कमी झालं. आधी वाटलं, खोकल्यातून उठले म्हणून सांभाळून घेताहेत. मग वाटलं, मी सुधारले. संध्याकाळ संध्याकाळ मी सलग गायचे आणि भुवई जागची हलायची नाही. सर भिंतीला टेकून बसायचे, तानपुऱ्याच्या दांडीला हात लावून, आणि मी डोळे उघडले की त्यांची नजर चटकन दुसरीकडे वळायची. मी हवेत होते. हवेत असलेल्या माणसाला जमीन कुठे आहे हे विचारायचं सुचत नाही.

मग शिष्यांची एक छोटी बैठक झाली. सकाळची वेळ, तीस-चाळीस माणसं. मी पहिल्यांदा माझ्या पट्टीत, माझ्या आवाजात, लोकांसमोर गायले. संपल्यावर सर गर्दीतून माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, "छान."

त्यांच्या तोंडून तो शब्द कोणीच कधी ऐकला नव्हता. थोरली शिष्या माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी तिचा दागिना चोरला. घरी जाऊन मी आत्याला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं. सांगायला दुसरं कोणी उरलं नाही म्हणून मग गप्प बसले.

तीन-चार दिवसांनी त्या बैठकीचं रेकॉर्डिंग मिळालं. दुपारच्या सुट्टीत मी केबिनमध्ये बसले, दार नीट लावलं, हेडफोन चढवले.

माझा गंधार उतरलेला होता.

गंधार म्हणजे 'ग', सरगमीतला तिसरा सूर. तो फार उतरला नव्हता. भिंतीवरचं चित्र एका बाजूने बोटभर कलावं, तेवढाच. पण कललेलं एकदा दिसलं की मग डोळ्याला दुसरं काही दिसत नाही. एकदा नाही, दोनदा नाही; जितक्या वेळा मी तिथे गेले तितक्या वेळा तो उतरलेला होता. आणि सर समोर बसून होते. 'छान' म्हणाले होते.

मला आधी स्वतःचीच लाज वाटली. मग एक दुसराच विचार मनात आला. अप्पांना कमी ऐकू यायला लागलं तेव्हा ते चाळिशीतच होते. त्यांचे जुने कागद माझ्याच खोलीत होते. हे दुखणं घराण्यात उतरतं. आणि ते कसं येतं हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? आधी बारीकसारीक फरक ऐकू येईनासे होतात. माणसाला पत्ताच नसतो. तो म्हणतो, मला सगळं ऐकू येतं, लोकच पुटपुटतात. गाणं शिकवणाऱ्याचे कान जायला लागले तर तो काय करणार? त्याच्याकडे दुसरं आहे काय?

त्या क्षणी मला माझ्या गंधाराची काळजी उरली नाही. मी त्या माणसासाठी घाबरले होते, आणि किती घाबरले होते त्यावरूनच मला कळलं की माझं काय झालंय.

दुसऱ्या दिवशी फोन केला. "अप्पांचे कान तपासायची वेळ झालीय. घरातल्या आणखी एकाची सोबत तपासणी करतात, तशी पद्धत आहे." अशी काही पद्धत नाही. ते आले. अप्पांना बाहेर बसवलं आणि सरांना केबिनमध्ये. मी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. रोज दहा-पंधरा माणसांना चढवते. त्या दिवशी आधी उलटे चढवले. त्यांचे केस हेडफोनच्या पट्टीत अडकले, ते सोडवताना त्यांनी डोळे मिटून घेतले.

दार लावून मी काचेच्या या बाजूला बसले. उजवा कान. मोठा आवाज, मग बारीक, मग त्याहून बारीक. त्यांनी बटण दाबलं. आणखी बारीक. दाबलं. विशीतली पोरंसुद्धा जिथे नुसती बसून राहतात तिथेही त्यांचा अंगठा हलला. मी कागदावर लाल गोल काढत होते. सगळे वरच्या रेघेला चिकटून एका ओळीत. मग डावा कान. निळ्या फुल्या, त्याही तिथेच. इतके चांगले कान मी माझ्या नोकरीत कधी बघितले नव्हते.

मी कागदावर डोकं टेकलं आणि रडले. देवाचे आभार मानले. आणि ते मानून झाल्याबरोबर मला भयंकर राग आला.

आत बोलायला माझ्यासमोर माइक असतो, तसाच एक आतल्या माणसासाठी आत. मी दोन्ही सुरू केले.

"तुमचे कान ठणठणीत आहेत."

"मग रडताय कशाला?" आतून त्यांचा आवाज आला.

"बैठकीत माझा गंधार उतरला होता. प्रत्येक वेळी. तुम्हाला कसा ऐकू आला नाही?"

काचेपलीकडे त्यांचा अंगठा बटणावरच होता. हेडफोन काढायलाही त्यांनी हात वर केला नाही.

"सर, मी विचारतेय."

"उतरला होता?" ते अगदी हळू म्हणाले. खरंच विचारत होते. "मला... मला ऐकूच आला नाही. तुम्ही गायला लागलात की मी हल्ली ऐकत नाही. मी बघत बसतो."

मी माइकवरचा हात काढून घेतला.

"तुम्ही खोकल्याने आला नाहीत ना, तेव्हापासून. तुम्ही परत आलात, गायला बसलात, आणि मला सगळं चांगलंच वाटायला लागलं. आधी वाटलं, दोन दिवसांत कान ताळ्यावर येतील. नाही आले. सांगणार होतो... पण सांगितलं तर तुम्ही शिकवणी सोडाल. म्हणून सांगितलं नाही. ही माझी लबाडी."

प्रेमाची कबुली अशी ऐकायला मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी खुर्चीवरून उठले, केबिनचं दार उघडलं आणि जे मनात होतं ते फाडकन बोलले. "नवरा काय, आज ना उद्या मिळालाही असता. गुरू मी कुठून आणू? वीस वर्षं वाट बघितली मी. आत्ता कुठे सापडला होता..."

ते उभे राहिले. हेडफोनची वायर मध्ये लोंबकळत होती. "मला माहीत आहे," ते म्हणाले. मग कागदाकडे एकदा बघून बाहेर गेले. बाहेरून अप्पांचा आवाज आला, "काय म्हणाली? हो म्हणाली का?"

मी शिकवणीला गेले नाही. घरी तोंड पाडून बसले. आत्याने दोन दिवस विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी मशीनवरचं काम बाजूला सारून ती माझ्यापाशी येऊन बसली. मी सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं, पण हसली नाही.

"तुझे कपडे मी का शिवत नाही, माहितीय?"

"वेळ नसतो म्हणून."

"वेळ कसा नाही? अख्ख्या वस्तीचे शिवते. तुझे शिवायला घेतले की माझा हात बिघडतो. पोरीला काचेल, पोरीला टोचेल, म्हणून टेप सैल धरते. लहानपणी तुझे सगळे कपडे पोत्यासारखे व्हायचे. म्हणून मग मी ते पलीकडच्या शिंप्याकडे टाकायला लागले." ती माझ्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "आपला तो बाब्या, ही खोटी म्हण नव्हे गं. त्या माणसाने फसवलं नाही तुला. त्याचीही टेप सैल पडली, एवढंच."

"पण मग मी काय करू?"

"ते मला विचारू नकोस. कपडे शिवायला दुसरा शिंपी मिळतो. आत्या मिळते का, ते तू सांग."

दुसऱ्या दिवशी मी लोखंडी जिना चढले. पाऊस नव्हता, पण हवेला ओल होती. खाली कोणीतरी चाकात हवा भरत होतं. खोलीत तो एकटाच होता. मी आता त्याला मनातल्या मनात 'ते' म्हणणं सोडून दिलं होतं.

"बसा," तो म्हणाला. मग, "बस." मग थोडा वेळ तानपुऱ्याच्या तारा नुसत्याच पुसत बसला. "मी विचार केलाय. दोन रस्ते आहेत. तुला मी गुरू म्हणून हवा असेन, तर बाकीचं मी गिळून टाकतो. खोटं सांगत नाही, जमेल मला. सहा महिने तू येऊ नकोस. तोवर कान जागेवर आणतो. मग परत शिकवीन, पहिल्यासारखा. भुवईसकट."

"आणि दुसरा?"

"दुसरा म्हणजे, माझ्याबरोबर एक ताई शिकायच्या, माझ्याहून मोठ्या. त्यांच्यापुढे मी अजून चळाचळा कापतो. त्या तुला शिकवतील. मी बोललोय." त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. "मग मी तुला कधीच शिकवणार नाही. एक सूरसुद्धा नाही."

"आणि तुम्ही काय कराल?"

"मी जिन्यात बसेन. शिकवणी संपेपर्यंत."

हसू आलं, पण मी ते आवरलं, कारण तो अजिबात हसत नव्हता. त्याच्या त्या हातांकडे बघत मी बसले. या माणसाने मला माझा सा दिला होता. बोलता बोलता, डब्यातल्या शिळ्या जेवणाची चौकशी करता करता, माझ्या आवाजाखाली बोट घालून त्याने तो हुडकून काढला होता. त्याच्यासारखं ऐकणारा माणूस मला पुन्हा भेटणार नव्हता. आणि तोच आता म्हणत होता, एक तर ते ऐकणं ठेव, नाही तर मला ठेव. मी मनातल्या मनात दोन्ही मागितलं, हट्टी मुलासारखं, आणि दोन्ही मिळणार नाही हेही मला कळत होतं.

"माझा आवाज आता माझ्यापाशी आहे," मी शेवटी म्हणाले. "तो घेऊन मी कोणाच्याही दारात जाऊ शकते. तू कुठल्या दारात मिळणार?"

त्याने मान वर केली. मी त्याला 'तू' म्हटलेलं त्याच्या लक्षात आलं होतं.

"म्हणजे गरज सरो, वैद्य मरो!" तो म्हणाला, पण त्याचे डोळे भरून आले होते.

"वैद्याने मरायचं नाही. वैद्याने रविवारी आमच्याकडे जेवायला यायचं. आत्याने बोलावलंय."

"अप्पांना आणू?"

"आण. पण बॅटरी सुलटी बसवून."

त्याने हात पुढे केला. मी माझा त्यात ठेवला. तानपुरा मध्ये होता, तारांना आमची मनगटं लागली आणि त्या आपोआप वाजल्या, वेड्यावाकड्या. दोघांनीही त्या तशाच वाजू दिल्या.

ताईंनी पहिल्या दिवशी मला पाच मिनिटं ऐकलं आणि हात वर केला.

"आवाज कोणी लावला?"

मी सांगितलं.

"चांगला लावलाय. मन लावून काम केलंय. मग गंधार कोणी सांभाळला नाही?"

मी खाली बघितलं. ताईंनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"हं," त्या म्हणाल्या. "म्हणजे त्या सुमारास पडला वाटतं प्रेमात."

माझा गंधार सरळ व्हायला पुढची अख्खी थंडी लागली. ताई हसत नाहीत, 'छान' म्हणत नाहीत, आणि मला त्यांची भीती वाटते. त्या चांगल्या गुरू आहेत. तरी त्यांच्याकडे शिकणं आणि त्याच्याकडे शिकणं यात फरक आहे, आणि तो फरक मला रोज जाणवतो. माझी अडचण त्यांना कळते. पण त्याला ती माझ्याआधी कळायची.

आमचं लग्न झालं. सकाळी मी रियाजाला बसले की तो आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतो. वचन दिलंय म्हणून नाही. त्याला ते ऐकवत नाही, इतकं ते त्याला चांगलं वाटतं. कधीकधी दवाखान्यातून सुटल्यावर मी त्याला घ्यायला जाते. लोखंडी जिन्यावर पाय ठेवला की वरून कोणातरी मुलीचं गाणं ऐकू येतं, आणि मध्येच त्याचं "थांबा". ती थांबते. मग तोच सूर पुन्हा, थोडा जास्त खरा. मी जिन्यात उभी राहून ऐकते, आणि मला त्या मुलीचा हेवा वाटतो. खराखुरा, पोटात दुखावं असा हेवा. तो हेवा कधी जाईल असं मला वाटत नाही.

मग शिकवणी संपते, दार उघडतं. मला बघून त्याचा चेहरा जो होतो, तसा त्याचा चेहरा आत बसलेल्या कोणीही कधी बघितलेला नाही.